विस्बीच्या नमुन्यावर घरी केलेलं चिलखत: वर्षभर लढल्यानंतर

मध्ययुगीन पद्धतीने, वेताच्या तलवारींनी लढायचा एक हौशी खेळ मी खेळते. स्वीडनमधल्या विस्बी शहराबाहेर सापडलेल्या चौदाव्या शतकातल्या चिलखतांच्या नमुन्यावर त्यासाठी चिलखत केलं, आणि गेल्या वर्षीच्या वसंतापासून ते घालून लढते आहे. हिवाळ्यात शाळेच्या जिममधला सराव, उन्हाळ्यात बागेतला सराव, मधल्या छोट्या स्पर्धा आणि पेनसिक नावाचं या खेळातलं दरवर्षीचं मोठं युद्ध, एवढं सगळं त्याने पाहिलं. शिरस्त्राण आणि हातमोजे विकतचे आहेत. धडाचं चिलखत, कोपरं, गुडघे आणि आतली बंडी मात्र घरच्या गॅरेजात केली आहे. आपल्या लोकांतले बरेच जण याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मत आधीच सांगून टाकते. शिरस्त्राण विकत घ्या, बाकीचं जमेल तेवढं हाताने करा. पत्रा किती जाड याच्या आधी तो अंगावर कसा बसतो ते बघा. आणि चांगल्या चिलखताने हाड वाचवावं, पण फटक्याची वर्दी अंगापर्यंत पोचू द्यावी. हे शेवटचं मला लढल्याशिवाय कळलं नसतं, त्यामुळे त्यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

मी पिट्सबर्गला राहते आणि सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम, म्हणजे एससीए, या संस्थेच्या नियमांनी लढते. १९६६ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका घराच्या मागच्या अंगणात काही मित्रांनी जुन्या पद्धतीची लढाईची स्पर्धा भरवली, तिथून ही संस्था सुरू झाली. आता तिची वीसेक 'राज्यं' आहेत आणि राजा कोण, ते स्पर्धेत लढून ठरतं. आमच्या राज्याचं नाव एथेलमार्क. पुरुष आणि बायका एकाच मैदानात, एकाच नियमांनी लढतात, हे मला पहिल्या दिवसापासून आवडलं.

तलवार वेताची असते. किमान सव्वा इंच जाडीचा भरीव वेत, त्यावर चिकटपट्टीचे थर. मार लुटुपुटूचा नसतो, पूर्ण ताकदीने बसतो. गुडघ्याखाली आणि मनगटापुढे मारायचं नाही. हातावर फटका बसला की तो हात गेला. मांडीवर बसला की गुडघे टेकून पुढे लढायचं. डोक्यावर किंवा धडावर बसला की मेलात. आणि फटका पुरेसा जोरात होता की नाही, हे ज्याला लागलं तो ठरवतो. मैदानावर मार्शल असतात, पण ते सुरक्षितता बघतात. मेलात की नाही, ते तुमचं तुम्ही सांगायचं.

हे ठरवण्यासाठी नियमांत एक गृहीत धरलेलं आहे, आणि चिलखत करणाऱ्या प्रत्येकाने ते आधी वाचावं. अंगावर प्रत्यक्षात काहीही असो, प्रत्येकाने कड्यांचं चिलखत, त्याखाली जाड बंडी, हातापायांवर उकळून कडक केलेलं कातडं आणि तोंड उघडं असलेलं नासिकात्राणाचं लोखंडी शिरस्त्राण घातलंय असं मानायचं. म्हणजे माझ्या छातीवर लोखंडी पत्रा असला, तरी 'या फटक्याने कड्यांच्या चिलखतातला माणूस पडला असता का?' हाच प्रश्न मी स्वतःला विचारायचा असतो. त्याचं उत्तर द्यायला फटका जाणवायला हवा.

विस्बीच का, असं मराठी मंडळी हमखास विचारतात. मावळ्याचा वेश का नाही केलास? एससीएचा काळ ढोबळमानाने सतराव्या शतकाच्या आधी संपतो आणि शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, त्यामुळे तो वेश इथे बसत नाही. त्याआधीचं दख्खन चालतं, आणि पुढेमागे मला ते करायचंही आहे. पण पहिल्या चिलखताला हाताशी मोजमापं असलेली वस्तू हवी होती, आणि ती गोटलंड बेटाने दिली. २७ जुलै १३६१ ला डेन्मार्कचा राजा वाल्देमार आतरदाग याच्या सैन्याने विस्बी शहराच्या तटाबाहेर गोटलंडच्या शेतकऱ्यांची कत्तल केली. ऐन उन्हाळा असल्याने पुष्कळ प्रेतं चिलखतासकट सामूहिक खड्ड्यांत पुरली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते खड्डे खणले, तेव्हा अकराशेवर माणसांचे अवशेष आणि पंचवीसच्या आसपास धडाची चिलखतं मिळाली. बेंग्ट थोर्डेमान या स्वीडिश संशोधकाने १९३९ साली त्यांचा पत्र्यापत्र्याचा तपशील छापला. जगभरातले हौशी लोक आजही त्याच आकृत्यांवरून नमुने काढतात. ही चिलखतं साध्या माणसांची होती, त्या काळातही थोडी जुन्या पद्धतीची, आणि म्हणूनच ती घरच्या हत्यारांनी करता येतात.

रचना सोपी आहे. बाहेरून कातड्याचा अंगरखा, आतून रिव्हेटने ठोकलेले लोखंडी पत्रे. मी १८ गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटरचा, साधा पत्रा वापरला आणि वरून झाडाच्या सालीने कमावलेलं कातडं. मी कोल्हापूरची, त्यामुळे त्या कातड्याच्या वासात आणि स्पर्शात मला नवं काही नव्हतं. आपल्या चपलांचं कातडंही बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. हे कातडं वापराने अंगाचा आकार घेतं. क्रोमवर कमावलेलं मऊ कातडं स्वस्त पडतं, पण पट्ट्यांसाठी अजिबात घेऊ नका. ते ताणत जातं आणि बक्कल दर आठवड्याला एक भोक पुढे सरकतं.

दुकानातली तयार चिलखतं बहुतेक सहा फुटी पुरुषांच्या मापाची असतात. माझं धड आखूड आहे. तयार चिलखत घालून गुडघे टेकले की खालची कड मांडीत रुतायची आणि वरची कड हनुवटीला टेकायची. म्हणून मी आधी पुठ्ठ्याचं पूर्ण चिलखत कापून चिकटपट्टीने जोडलं आणि ते घालून घरात वावरले: वाकले, गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात डोक्यावर नेऊन काठी फिरवली. जिथे पुठ्ठा दुमडला तिथे कापला. काखेपाशी दोन्ही बाजूंना चांगलं तीन बोटं काढावं लागलं. पुठ्ठा फुकट असतो, पत्रा नसतो. माझ्या मते अख्ख्या कामातले सगळ्यात मोलाचे दिवस पुठ्ठ्यावर गेले.

विस्बीच्या काही चिलखतांचे पत्रे दोन्ही बाजूंनी पाठीकडे वळतात आणि बक्कल मागे लागतं. ते दिसतं देखणं, पण एकटीला घालता येत नाही. मी बक्कलं डाव्या कुशीत घेतली. तिथे ढाल असल्याने त्यांवर मारही कमी बसतो. वजन आठ किलोच्या आसपास भरतं. कमरेवरचा पट्टा घट्ट आवळला की त्यातलं बरंचसं खांद्यांवरून उतरून कमरेवर येतं. पट्टा सैल असेल तर दोन लढतींत मान भरून येते.

फटक्यांचं सांगायचं, तर पोटावर बसलेला आडवा फटका या चिलखतातून स्पष्ट कळतो. पत्रे एकमेकांवर थोडे सरकतात, बंडी दबते, आणि ढोलासारखा नाही तर बद्द असा आवाज येतो. पाठीवर मात्र पत्रे रुंद आहेत आणि तिथला फटका पसरतो, हलका भासतो. तिथे मी आवाजावर आणि मारणाऱ्याच्या अंतरावर भरवसा ठेवते. शंका आली तर मेले म्हणते. आमच्याकडच्या एका जुन्या लढवय्या बाईंनी मला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, "पत्रा तुला वाचवायला आहे, फटका लपवायला नाही." त्यांच्या अंगावर माझ्यापेक्षा कितीतरी हलकं चिलखत असतं आणि फटका मान्य करताना त्या 'गुड' म्हणतात, त्या शब्दावर मैदानात कुणी शंका घेत नाही.

आतली बंडी बाहेरून लिननची, आत कापसाचा थर, गोधडीसारखी उभी टाचलेली. सरावाच्या दिवशी ती घामाने निथळते. दोन केल्या आहेत आणि आलटून पालटून घालते. धुणं रोज जमत नाही, म्हणून नाटकवाले कपड्यांवर मारतात तसा व्होडका आणि पाण्याचा फवारा मारून उलटी वाळत घालते. गाडीच्या डिकीत रात्रभर ओली राहिली तर वास जात नाही.

गुडघ्यांच्या वाट्या करताना मला सगळ्यात जास्त आनंद झाला. लाकडी ओंडक्यात उथळ खळगा कोरायचा, त्यावर १६ गेजचा, म्हणजे धडापेक्षा जाड, कापलेला पत्रा धरायचा आणि गोल तोंडाच्या जड हातोडीने कडेपासून आत फिरत फिरत ठोकत जायचं. पत्रा खळग्याला टेकला नसेल तर हातोडी उसळते आणि आवाज घंटेसारखा कर्कश येतो. नीट टेकला की आवाज बसका होतो. काही तासांत हे कानाला इतकं कळतं की नजर आवाजामागून जाते. ठोकून ठोकून लोखंड कडक होतं. तेव्हा ते लाल होईपर्यंत तापवून हळूहळू निववलं की पुन्हा वळतं. वाटीच्या वरखाली छोट्या पट्ट्या जोडाव्या लागतात. त्या रिव्हेट करताना दोन पत्र्यांमध्ये पत्त्याएवढा जाड कागद सरकवायचा, वॉशर घालायचा, खिळ्याचं टोक त्याच्या जाडीच्या दीडपट बाहेर ठेवून छोट्या हातोडीने कडेकडेने गोल करत आणायचं आणि मग कागद ओढून काढायचा. उरलेल्या फटीमुळे सांधा मोकळा फिरतो. माझे गुडघे अजून एकदाही अडकलेले नाहीत.

विस्बीच्या हाडांवर सर्वाधिक घाव पायांवर, नडगीवर सापडले. आम्ही तिथे मारतच नाही, त्यामुळे नडगीला चिलखत नसलं तरी नियमाने चालतं. पण गुडघ्यांना दुहेरी काम असतं: वेताचा मार सोसायचा आणि मांडीवर लागल्यावर अंगाचा सगळा भार घेऊन जमिनीवर टेकायचं. आतून दाट फोमचा जाड थर लावला नसता तर जिमच्या लाकडी फरशीवर माझे हाल झाले असते.

शिरस्त्राण विकतचं घ्या असं ठामपणे म्हणते. नियमाने ते किमान १६ गेजच्या पोलादाचं लागतं. तोंडापुढच्या गजांमधून एक इंच जाडीची काठी आत जाता कामा नये, आत निदान अर्धा इंच फोम आणि हनुवटीला पट्टा हवा. गजांचं वेल्डिंग शिकाऊ हातांवर सोडू नये. तयार शिरस्त्राण तीनशे ते पाचशे डॉलरला पडतं, आणि सगळ्या सरंजामात तिथे हात आखडता घेऊ नका. फोम मात्र स्वतः कापून बसवा. मान जोरात हलवली की शिरस्त्राण डोक्याबरोबर हलायला हवं, मागे राहता कामा नये. चष्मेवाल्यांसाठी: गजांमागे काच वाफाळते. मी सरावाला कॉन्टॅक्ट लेन्स घालते.

खरी परीक्षा पेनसिकला झाली. हे युद्ध १९७२ पासून चालू आहे. पिट्सबर्गच्या उत्तरेला, स्लिपरी रॉक गावाजवळ कूपर्स लेकच्या मैदानात जुलै-ऑगस्टमध्ये दोन आठवडे दहा हजारांच्या आसपास माणसं तंबू ठोकून राहतात. गवताच्या गठ्ठ्यांनी आखलेल्या 'पुलावर' लढताना मागून माणसं रेटतात आणि पुढून भाले येतात. त्या रेट्यात चिलखताची एकही कड अंगात रुतली नाही, याचं श्रेय पुठ्ठ्याला. जंगलातल्या लढाईत घाम आणि दमटपणा यांनी आतल्या पत्र्यांवर रिव्हेटभोवती तांबूस गंज धरला. ठोकण्याआधी पत्र्यांना रंग दिलेला होता, म्हणून तेवढ्यावरच निभावलं. आता प्रत्येक वेळी घरी आल्यावर तेलाचा बोळा फिरवते आणि महिन्यातून एकदा मेणाचा हात देते. उन्हात सगळे काकडीच्या लोणच्याचं खारं पाणी पितात. मी मीठ घातलेलं कोकम सरबत नेते, आणि आमच्या गटात आता त्याची बाटली सर्वांत आधी संपते.

व्हिडिओ कॉलवर आईचा पहिला प्रश्न असतो, "अगं, लागत नाही का?" लागतं. मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला आणि दंडावर काळेनिळे डाग पडतात, आठवड्यात जातात. हाडाला, सांध्याला, मानेला वर्षभरात काही झालेलं नाही. लहानपणी पेठेत मर्दानी खेळ बघताना लाठी फिरवणाऱ्यांचे पाय बघायची सवय लागली होती, ती इथे कामी येते. समोरच्याचा फटका हाताआधी पायात दिसतो.

एक सावधगिरीची सूचना. हाच संच घेऊन बुहुर्तमध्ये, म्हणजे पोलादी हत्यारांच्या चिलखती झुंजीत, उतरू नका. २०१० मध्ये युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यावर 'बॅटल ऑफ द नेशन्स' ही त्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्यापासून तो प्रकार फार वाढला आहे आणि बघायलाही थरारक आहे. पण तिथे बोथट लोखंडी कुऱ्हाडी चालतात आणि माणूस जमिनीवर पाडतात. त्यासाठी जाड, पूर्ण अंग झाकणारं चिलखत लागतं. तिथे फटका मोजायचा नसतो, उभं राहायचं असतं. त्यामुळे चिलखताकडून अपेक्षाही वेगळ्या.

खर्च शिरस्त्राण धरून हजार डॉलरच्या आत बसला. हत्यारांत हातोड्या, कानस, ड्रिल आणि पत्रा कापायला जिगसॉ पुरते. कापलेली प्रत्येक कड कानशीने गोल करा, हातमोज्यांशिवाय पत्रा उचलू नका, आणि गॅरेजात ठोकताना कानांत बोळे घाला.

हातमोज्यांवर मात्र मी खूश नाही. चार बोटं एका पत्र्याखाली असलेले विकतचे मोजे आहेत. मार उत्तम सोसतात, पण अंगठ्याचा पत्रा एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे तलवारीची मूठ सैल धरून मनगट वळवता येत नाही आणि उलट्या हाताचा फटका उशिरा पोचतो. शिवाय बोटांवर बसलेल्या वेताचं काहीच कळत नाही. मुठीवर लागलेला फटका मोजायचाच नसल्याने न्यायाचा प्रश्न येत नाही, पण समोरचा माझ्या हातावर वारंवार येतोय हे मला मार्शलच्या सांगण्यावरून कळतं, स्वतःहून नाही. या हिवाळ्यात नवी जोडी करायला घेतली आहे. अंगठ्याला बिजागरीऐवजी कातड्याचा सांधा ठेवला आहे आणि पुठ्ठ्याचा उजवा मोजा घालून सध्या रोज संध्याकाळी तलवार फिरवून बघते.