यादीत वर काय टाकायचं : जुनं कॉलेज की जिल्ह्यातलं नवं?

भाचीचा नीटचा निकाल लागला आणि परभणीहून बहिणीचा फोन आला. "दादा, यादीत वर अंबाजोगाई टाकू का इथलंच?" यादी म्हणजे एमबीबीएस प्रवेशासाठी कॉलेजांच्या पसंतीची. अंबाजोगाई म्हणजे बीड जिल्ह्यातलं जुनं सरकारी मेडिकल कॉलेज, इथलंच म्हणजे परभणीचं नवं. डबा घरचा, होस्टेलचा खर्च नाही, पोरगी डोळ्यासमोर. मी म्हणालो, डबा जरा बाजूला ठेव.

2020 पर्यंत 70:30 चं सूत्र होतं, म्हणजे 70 टक्के जागा विभागातल्या मुलांना, 30 टक्के राज्यभरातल्या. इथल्या लेकरांना इथल्याच जागा बहुतेक ठरलेल्या असत. ते सूत्र गेलं, गुणवत्ता यादी राज्यभराची झाली. त्याच काळात आपल्याकडे कॉलेजंही वाढली. संभाजीनगरची घाटी, म्हणजे तिथलं सरकारी कॉलेज, 1956 पासूनची. अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही जुनी मंडळी. मग 2022 मध्ये धाराशिव, 2023 मध्ये परभणी, 2024 मध्ये जालना आणि हिंगोली. आज मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

अभ्यासक्रम सगळीकडे एकच आणि परीक्षा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, तेव्हा त्यावरून निवड होत नाही. 2019 च्या तुकडीपासून हा अभ्यासक्रम बदलला. आमच्या वेळी पहिलं दीड वर्ष पेशंटचं तोंड दिसत नसे. आता पहिल्या वर्षापासून वॉर्ड दाखवतात, पेशंटशी बोलायचं कसं याचे तास असतात, कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची आहे. मुलाने आधी बघायचं, मग मदत करायची, मग स्वतः करून दाखवायचं आणि लॉगबुकात सही घ्यायची. कागदावर हे उत्तम आहे. मात्र शेवटच्या आठवड्यात पन्नास सह्या एका बैठकीत झालेलं लॉगबुकही मी पाहिलंय. कुठलं ते विचारू नका.

खरा फरक इथून पुढे. नव्या कॉलेजात तुम्हाला आधी चकचकीत वस्तू दाखवतील : शरीराचे थर उलगडणारं डिजिटल टेबल, बाळंतपणाचा पुतळा, इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची सुई-नळी, लावायला रबरी हात. यांना नाक मुरडू नका. रबरी हातात लाल पाणी भरलेलं असतं, सुई बरोबर गेली की मागच्या कप्प्यात लाल थेंब दिसतो, चुकली तर कोणी ओरडत नाही. दहा वेळा चुकायची मुभा आम्हाला कधी मिळाली? पण रबराची शीर जागची हलत नाही. सत्तरीच्या आजीच्या सुकलेल्या हातावर ती सुईखालून निसटते, वर आजी म्हणते, "माय, हळू टोच गं." तिथे अंगठ्याने कातडी खाली ताणून धरायची असते, आणि हे शेजारी उभ्या माणसाने त्याच क्षणी सांगावं लागतं. डिजिटल टेबलाचंही तसंच. थर सुंदर दिसतात, पण मज्जातंतू कोणता आणि रक्तवाहिनी कोणती हे चिमटीत धरल्यावरच कळतं. म्हणून देहदानातून आलेले देह किती आहेत, हे टेबलाआधी विचारा.

जुन्या कॉलेजात शेजारी उभा राहणारा माणूस असतो. मात्र त्याच्या आणि तुमच्या मध्ये गर्दीही असते. एका खाटेभोवती वीस मुलं, पुढे पीजीचे, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे, रेसिडेंट डॉक्टर, त्यांच्यामागे एमबीबीएस संपवून सराव करणारे इंटर्न, आणि एमबीबीएसचं पोरगं टाचा उंचावून बघतंय. मी स्वतः फायनलला असताना बाळंतपणं भरपूर पाहिली, हात लावायला मिळाला तो मोजून तीनदा. नव्या कॉलेजात पीजी नसतील किंवा मोजके असतील, इंटर्न तर नाहीतच. धाराशिवची 2022 ची पहिली तुकडीसुद्धा साडेचार वर्षं धरली तर 2027 मध्येच इंटर्न होणार. तिथे तिसऱ्या वर्षाचं पोर थेट खाटेजवळ पोचतं. पेशंटही कमी नसतात, कारण मुळात ते जिल्हा रुग्णालयच. पण गुंतागुंतीची केस पुढे पाठवली जाते, म्हणजे तिचं पुढे काय झालं हे मुलाला कळतच नाही. हे नुकसान मला मोठं वाटतं.

आणि शिक्षक. कॉलेजच्या सरकारी तपासणीच्या आठवड्यात भरलेला विभाग नंतर ओस पडणं ही नव्या कॉलेजांची जुनी खोड. चेहरा दाखवून हजेरी लागू झाल्यावर ती किती सुटते ते बघायचं.

एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. नव्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली निदान तीन कुटुंबं दत्तक घ्यायची आणि वर्षानुवर्षं त्यांच्या तब्येतीचा माग ठेवायचा. बीड-धाराशिवकडे दिवाळीनंतर गेलात तर निम्म्या दारांना कुलूप, माणसं ऊसतोडीला गेलेली, घरात म्हातारी आणि शाळेतली लेकरं. जो विभाग कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, परत आल्यावर भेटी ठेवतो, त्याला हा भाग कळलाय. तिथे मुलगी विचारते, "काही ऑपरेशन झालंय का?" बाई म्हणते, "नाही." मग सहज बोलता बोलता, "पिशवी काढली तेवढी." गर्भपिशवी काढणं हे ऑपरेशन आहे असं तिला वाटतच नाही. पेशंटच्या आजारपणाचा इतिहास विचारून घ्यायला तिथेच शिकता येतं, आणि ते रबरी हातावर येत नाही.

खाजगीत लातूरचं एमआयएमएसआर आणि संभाजीनगरचं एमजीएम आहे. पण फीचा आकडा पाहिला की बहुतेक घरांत तो विषय तिथेच संपतो.

व्याख्यानांचं मनावर घेऊ नका, ती आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतात. त्यापेक्षा एखाद्या सोमवारी सकाळी ओपीडीत जाऊन बसा. मेडिसिन, सर्जरी आणि प्रसूती या तीन विभागांचे प्राध्यापक जागेवर आहेत का बघा. जुन्या ठिकाणी इंटर्नला, नव्या ठिकाणी तिसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठा आणि एवढंच विचारा : गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने काय केलंस, आणि बाजूला कोण होतं?

नव्या ठिकाणी या दुसऱ्या प्रश्नाला ठाम उत्तर आलं तर घराजवळचं खुशाल वर टाका. अडखळला तर जुनंच वर, गर्दी असली तरी. बहिणीला मी अंबाजोगाई सांगितलंय. भाची सोमवारी परभणीच्या ओपीडीत जाऊन बसणार आहे, यादी त्यानंतर भरू म्हणते.