तर्कसंग्रह: आठ महिने वापरल्यानंतर

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला ज्ञानमीमांसेचा (ज्ञान म्हणजे काय, ते कसं मिळतं याचा) पेपर होता. वर्गातल्या बहुतेकांनी गाइड घेतलं, मी अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' घेतला, न्यायाचं, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राचं, संस्कृत प्रवेशपुस्तक. कारण एकच, तो पातळ होता. सतराव्या शतकातलं हे पुस्तक, मूळ संहिता एका बैठकीत वाचून होते. आठ महिने झाले, माझं अजून संपलेलं नाही.

माझी प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातली, आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. आवृत्ती आठल्ये-बोडस यांची, मुंबई संस्कृत मालेतली, मूळ १८९७ची. सोबत संहिता उलगडून सांगणारी अन्नंभट्टाचीच 'दीपिका' ही टीका आणि इंग्रजी टिपा आहेत. नुसती संहिता घेऊ नका. दीपिकेशिवाय ती सूत्रांची यादी वाटते.

पहिल्याच श्लोकात 'बालानां सुखबोधाय' (बालांना सहज कळावं म्हणून) असं आश्वासन आहे. त्याला मी भुलले. टीकाकार पुढे सांगतात की बाल म्हणजे व्याकरण, काव्य, कोश शिकलेला, फक्त न्याय न शिकलेला. म्हणजे त्या हिशेबानं मी बालसुद्धा नव्हते.

ज्ञान या पुस्तकात बरंच उशिरा येतं. असलेल्या सगळ्याचे सात पदार्थ, म्हणजे प्रकार; त्यातला एक गुण, आणि चोवीस गुणांपैकी एक बुद्धी, म्हणजेच ज्ञान. तोवर पृथ्वी, जल, तेज यांची वर्गवारी चालते. मी ती सरळ ओलांडली आणि प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द या प्रमाणांवर, म्हणजे ज्ञान मिळवण्याच्या साधनांवर, आले.

खरा फायदा झाला तो व्याख्या तपासण्याच्या सवयीचा. अव्याप्ती (व्याख्या अपुरी पडणं), अतिव्याप्ती (नको तेही तिच्यात येणं), असंभव (ती कुठेच लागू न होणं) ही दीपिकेतली तीन दूषणं एकदा अंगवळणी पडली की कुठलाही सेमिनार पेपर निमूटपणे ऐकवत नाही. (मैत्रिणींना याचा त्रास होतो.) एडमंड गेटिअरचा १९६३चा तीन पानी लेखही मला त्यामुळेच नीट कळला. समजूत खरी आणि सकारण असली तरी ती ज्ञान असेलच असं नाही, असं तो दाखवतो. समजा, धुक्यालाच धूर समजून डोंगरावर अग्नी आहे असं अनुमान केलं, आणि तिथे अग्नी खरोखरच निघाला. गेटिअर याला ज्ञान म्हणू देणार नाही. अन्नंभट्टाची व्याख्या मात्र वस्तू जशी आहे तशी कळली की नाही एवढंच विचारते, त्यामुळे हा अनुभव यथार्थ ठरतो. मला आधी हा ढिसाळपणा वाटला. आता तसं वाटत नाही. ज्ञान खरं असणं आणि ते मिळवण्याची रीत चोख असणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं निदान दिसायला लागलं.

उणिवा आहेत. सगळ्यावरच शंका घेणारा, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तसारखा कोणी इथे भेटत नाही. संशय म्हणजे खांब आहे की माणूस, इतकाच. स्मृतीला एका ओळीत वाटेला लावलंय. गवयाचं उदाहरण (गवय हा रानटी प्राणी गाईसारखा असतो हे ऐकून तो रानात ओळखणं) वाचून उपमान हे वेगळं प्रमाण का, हे मला अजूनही पटलेलं नाही.

धूर-अग्नीचं उदाहरण मात्र घरात तपासता येतं. 'जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर.' आमच्या गॅसवर निळी ज्योत असते, धूर नसतो. पुस्तक चुकलं असं वाटून खूश झाले, पण ही उलटी बाजू आहे. अग्नी असला की धूर असतोच असं पुस्तक म्हणतच नाही. त्याला ओल्या सरपणाची अट लागते, आणि तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण त्यासाठीच आहे: त्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग मार्चमध्ये होस्टेलवर चोरून आणलेल्या इंडक्शनवर माझी फोडणी करपली. खोलीभर धूर आणि अग्नी कुठेच नाही! दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. ते म्हणाले, "तेजाचं प्रकरण वाचलंस का?"

ते तर मी ओलांडलं होतं. तिथे तेजाचे चार प्रकार दिलेत. जमिनीवरचा अग्नी पहिला, आणि आकाशातली वीज दुसरा. तिचं इंधन म्हणे पाणी. कोयनेची वीज वापरणाऱ्यांनी यावर हसू नये. धूर-अग्नीच्या उदाहरणातल्या वह्नीत, म्हणजे अग्नीत, इंडक्शनची वीजही धरायची का, यावर आमचा वाद अजून चालू आहे, आणि मी पुन्हा पृथ्वीपासून वाचायला घेतलंय.