जुन्या वाड्याची नक्षीदार तावदानं : ठेवायची की बदलायची?

वाड्याची दुरुस्ती काढली की कंत्राटदाराचा सल्ला ठरलेला असतो: “काचा सगळ्या नव्याच टाकू, एकसारख्या दिसतील.” बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी याला मान डोलावली. संध्याकाळी घरी परतलो तेव्हा जिन्यावरच्या खिडकीची सहाही तावदानं पोत्यात होती. त्यातलं एकच शाबूत निघालं. ते आता माझ्या टेबलावर असतं. रावपुऱ्यात, मांडवीत कुणी जुनं घर उघडलं की ‘आमची काच कसली?’ म्हणून विचारायला माणसं येतात, तेव्हा मी आधी हा तुकडा त्यांच्या हातात देतो.

जुनी काच ओळखायची सगळ्यांना ठाऊक असलेली खूण इथे चालत नाही, हे आधी सांगतो. तिरकं उभं राहून काचेत विजेच्या तारेचं प्रतिबिंब पाहायचं, तार थरथरल्यासारखी दिसली तर काच जुनी. साध्या काचेसाठी हे बरोबर आहे, कारण आजची साधी काच वितळलेल्या कथलावर तरंगवून सपाट करतात. ती पद्धत 1959 मध्ये जाहीर झाली. नक्षीची काच मात्र तेव्हाही दोन रोलरांमधून दाबून निघायची आणि आजही तशीच निघते. पाठीला थोडी लहर दोन्हींत असते. कडेचा हिरवटपणाही उपयोगाचा नाही. तो लोहामुळे येतो आणि नव्या काचेतही दिसतो.

मग बघायचं काय? माझ्या तुकड्याखाली पांढरा कागद ठेवला की मधल्या भागाला फिकट जांभळी झाक दिसते, आणि चारी कडांना पाव इंचाची पट्टी स्वच्छ, बिनरंगी. जुन्या काळी हिरवटपणा मारायला काचेत मँगनीज घालत. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते जांभळं पडतं. पुट्टीत आणि लाकडाच्या खाचेत दडलेल्या कडेला ऊन लागलंच नाही. म्हणजे काच जुनी आहेच, शिवाय कित्येक दशकं अशाच चौकटीत बसलेली होती. पहिल्या महायुद्धानंतर मँगनीज मागे पडत गेलं. अर्थात झाक दिसली नाही म्हणून काच नवी ठरत नाही.

नक्षी दाबायचं दोन रोलरांचं यंत्र विलायतेत 1890च्या सुमारास आलं, म्हणजे आपल्याकडे लक्ष्मी विलास पॅलेस पुरा झाला त्याच सुमारास. त्यामुळे ‘पेशवाईतल्या काचा’ असं कुणी रोलरची नक्षी दाखवून सांगितलं तर हसून चहा घ्यावा. वाडा जुना असेल, तावदानं नंतर बसलेली असतात. आधी तिथे बहुतेक लाकडी झडपाच असायच्या.

आता निर्णयाचं. नक्षी काठावर अर्धवट तुटलेली दिसते का? फूल निम्मं कापलं गेलंय, रेघ मध्येच संपलीय? तर ती रोलरची काच, मोठ्या सलग काचेतून कापलेली. तिला जोड मिळू शकते. पण वेलबुट्टी तावदानाच्या चौकटीतच बेतलेली असेल, कोपऱ्यात कोपऱ्याची फुलं असतील, तर ते ॲसिडने किंवा वाळूच्या माऱ्याने कोरलेलं काम. ते त्या मापासाठीच केलेलं असतं. असं तावदान हलवूच नका. तिसरा प्रकार बर्फाच्या पानांसारखा. काचेवर गरम सरस ओततात, तो वाळून आकसताना काचेचे पापुद्रे उपटतो. खऱ्या कामात एक पान दुसऱ्यासारखं नसतं. तेच पान ठरावीक अंतरावर पुन्हा आलं तर ती रोलरवरची नक्कल. रंगीत काचेची कड बघा: बऱ्याच लाल काचांत रंग म्हणजे बिनरंगी काचेवरचा पातळ थर असतो. नखाने किंवा थिनरच्या बोळ्याने सुटला तर तो नुसता रंगवलेला.

जुनी आणि नवी रोलरची काच शेजारी ठेवली तर माझा कल जुनीकडे, पण सरसकट नाही. पुढची खिडकी, देवघर, माजघर इथे जुनीच ठेवा. एखादा कोपरा तडकला असेल तरी चालेल. न्हाणीघर, जिन्याच्या खालची बाजू, मुलं धावतात तिथे जुनी नको. ती फुटली की सुऱ्यासारखे तुकडे होतात. तिथे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असलेली लॅमिनेटेड घ्या. टफन्ड (तापवून कडक केलेली) घेतलीत तर माप आधीच पक्कं करा, नंतर ती कापता येत नाही. सध्या उभ्या पन्हळीच्या काचेची फॅशन असल्याने नवी मिळायला अडचण नाही. बारीक फुलांची जोड मिळवणं जास्त कठीण. जुन्या इमारती लाकडाच्या वखारीत उतरवलेल्या खिडक्या अख्ख्या विकतात, तिथे आधी बघा.

काढताना घाई नको. जुनी पुट्टी खडू आणि जवसाच्या तेलाची असते (आमचा सुतार तिला लापी म्हणतो) आणि दगडासारखी झालेली असते. पटाशी मारली की काच गेलीच. हळूहळू शेक देऊन मऊ करून मगच खरवडायची. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू देऊ नका, ओलं करून घासायला सांगा.

आणि जोड शोधायला तावदान पिशवीत घालून फिरू नका. नक्षीवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, ठसा उमटेल. एका फुलापासून पुढच्या तशाच फुलापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये त्यावर लिहा. काचवाल्याने “सेम टू सेम आहे साहेब” म्हणत नमुना पुढे केला की त्यावर हाच कागद ठेवायचा. माझ्या सहापैकी पाच जागांसाठी मी असे चार नमुने तपासले, चारही दोन-दोन मिलिमीटरने चुकले. जिन्यावर शेवटी पन्हळीची नवी काच बसवली.