थाम लुआंगची गोष्ट: 'थर्टीन लाइव्ह्ज' बघावा की 'द रेस्क्यू'?

थायलंडमधल्या थाम लुआंगच्या गुहेत अडकलेल्या मुलांवर बरंच काही निघालं आहे. त्यातलं आज रात्री नेमकं काय लावायचं, असं मला कुणी विचारलं तर मी उलट विचारते: घरातल्या सगळ्यांबरोबर बघणार की एकटे? सगळ्यांबरोबर असाल तर रॉन हॉवर्डचा 'थर्टीन लाइव्ह्ज' (2022). एकटे असाल तर 'द रेस्क्यू' (2021) हा माहितीपट.

घटना बहुतेकांना आठवत असेल. 23 जून 2018 ला उत्तर थायलंडमधल्या च्यांग राय प्रांतात फुटबॉलचा सराव आटोपून 11 ते 16 वयाची 12 मुलं आणि त्यांचे 25 वर्षांचे प्रशिक्षक गुहेत शिरले. पाऊस कोसळला, वाट बुडाली. 2 जुलैला दोन ब्रिटिश पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोचले आणि 8 ते 10 जुलै या तीन दिवसांत तेराही जण जिवंत बाहेर आले.

शेवट ठाऊक असूनही सिनेमा पकडून ठेवतो, कारण तो आपल्याला पाण्यात उतरवतो. अरुंद कपारीतून सरकताना सिलिंडर खडकाला घासतं, तो आवाज ऐकून आपलेच खांदे आखडतात. गुहेचा नकाशा आणि अंतरं मधूनमधून पडद्यावर येतात, त्यामुळे कोण कुठे आहे हे दहा वर्षांच्या मुलालाही कळतं. पण मला सगळ्यात भिडलं ते गुहेबाहेरचं. डोंगरावरचं पाणी गुहेत झिरपू नये म्हणून ते वळवायचं, तर ते खालच्या भातशेतीत जाणार. शेतकरी होकार देतात. उभं पीक पाण्याखाली घालवणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सची तज्ज्ञ मंडळीही तिथे गेली होती, त्यामुळे पंप दिसले की मला तर आपलीच माणसं आठवतात.

माहितीपटात ही ऐसपैस मांडणी नाही. तिथे माणसं आहेत. मुलांपर्यंत पोचलेले ते दोन ब्रिटिश पाणबुडे, रिक स्टॅन्टन आणि जॉन व्होलान्थेन, स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. आणि मुलं सापडली तो खरा क्षण: टॉर्चच्या उजेडात चिखलाच्या उतारावर बसलेली हाडकुळी पोरं, 'तुम्ही किती जण?' हा प्रश्न आणि 'तेरा' हे उत्तर. कितीही कसलेला नट असला तरी याची सर येत नाही.

खरा फरक दिसतो तो भूल देण्याच्या निर्णयापाशी. शुद्धीवरचा मुलगा पाण्याखाली घाबरून झटापट करू लागला असता तर तोही गेला असता आणि त्याला आणणाराही. म्हणून ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी मुलांना केटामाईन देऊन बेशुद्ध केलं, त्यांचे हात मागे बांधले आणि वाटेत पुन्हा इंजेक्शन कसं द्यायचं हे पाणबुड्यांना शिकवलं. ही माणसं डॉक्टर नव्हती. सिनेमात हा प्रसंग ताणतो आणि पुढे सरकतो. माहितीपटात हॅरिस स्वतः सांगतात, तेव्हा हे चालेल असं त्या डॉक्टरलाही वाटत नव्हतं हे कळतं, आणि ते ऐकून मी बराच वेळ गप्प होते. पाणबुडे ख्रिस ज्युएल यांच्या हातातून वाट दाखवणारी दोरी सुटली, बरोबर बेशुद्ध मुलगा, समोर काही दिसत नाही. तो प्रसंगही त्यांच्याच तोंडून ऐकावा.

सिलिंडर पोचवून परतताना प्राण गमावलेले थाई नौदलाचे माजी जवान समान कुनान दोन्हीकडे आहेत, आणि आदराने आहेत.

दोन्हीकडे एक उणीव मात्र आहे, ती म्हणजे मुलं. त्यांच्या कथेचे हक्क नेटफ्लिक्सकडे गेले होते, त्यामुळे इथे ती वाचवली जाणारी मुलं एवढीच राहतात. सिनेमा संपला तरी मला त्यांतल्या दोघांपलीकडे कुणाला वेगळं ओळखता येईना. गुहेतल्या अंधारात त्यांनी दिवस कसे काढले हे जाणून घ्यायचं असेल तर नेटफ्लिक्सवरचा 'द ट्रॅप्ड 13' बघा. त्यात ती स्वतः बोलतात.

लहान मुलं बरोबर असतील तर इंजेक्शन आणि हात बांधण्याचा भाग आधीच समजावून सांगा. आणि दोन्ही बघायचे ठरवलं असेल तर सिनेमा आधी. गुहेचा नकाशा एकदा डोक्यात बसला की माहितीपटातले चेहरे निवांत बघता येतात.