बंदूक-सुरक्षेचा दोन दिवसांचा वर्ग, नागपूर : कागदासाठी गेलो होतो

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात आमचं चार एकर धानाचं वावर. रानडुकरांपायी पीकरक्षणाचा परवाना काढायचा होता. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार त्याला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून हा वर्ग केला.

फौजेतून निवृत्त झालेल्या उस्तादांनी पहिल्याच तासाला दुनळी हातात दिली. "रिकामी आहे का?" मी "हो" म्हटलं. त्यांनी बंदूक मधून वाकवून नळ्या उघडल्या, तर डाव्या नळीत काडतुसाचं पितळी बूड चमकलं. सरावाचं खोटं काडतूस होतं, तरी माझे हातपाय गार पडले. माझा चुलतभाऊ असाच गेला. रात्री पीक राखायच्या जागलीवरून आला, रिकामी समजून बंदूक बैलबंडीला टेकवली आणि बैलानं हिसका दिला. चोवीस वर्षांचा होता.

धुरा, म्हणजे वावराचा बांध, ओलांडायच्या आधी काडतुसं काढायची, नेम धरेपर्यंत बोट घोड्याला लावायचं नाही, घरी बंदूक एका कुलपात नि काडतुसं दुसऱ्या. उस्तादांनी हे प्रत्येकाकडून हात बसेपर्यंत करून घेतलं. यासाठी पैसे वसूल.

सराव मात्र पॉइंट बावीस रायफलवर, तोही भर दिवसा. आमची बंदूक छऱ्यांची बाराबोर, आणि काम मचाणीवर, अंधारात. हे बदलायलाच पाहिजे. बायकोलाही बसू द्या म्हणून विनवलं, तर अर्जदारालाच प्रवेश म्हणाले. बंदूक घरात राहणार, मी वावरात असताना पोरं तिच्यापाशी असणार. तिला नळी उघडून बघता यायला नको का? घरी आल्यावर मीच तिला शिकवतो आहे.