फोर्ज्ड सांगून कास्ट पिस्टन बसवले! टर्बोसाठी इंजिन बांधायला देताय, तर आधी हे वाचा

इंजिन उघडून आज नऊ दिवस झाले, राग अजून उतरत नाही. तिसऱ्या पिस्टनवर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली (पिस्टनभोवतीच्या कड्यांमधली) कड तुटून पडलेली. पिस्टन उलटा केला तर आतून खरबरीत, साच्याची रेघ सरळ दिसते. कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेला! मला २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले मजबूत पिस्टन म्हणून दिलेले.

मी नवशिका नाही. दोन इंजिनं स्वतः बांधली आहेत. बजेट कमी, म्हणून क्रँकशाफ्ट मूळचाच ठेवला. माझ्या इंजिनात तो कारखान्यातूनच फोर्ज्ड येतो. सगळा पैसा पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर लावला. तो निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. इंजिन बांधणारा माणूस न विचारता सांगतो की होनिंग (सिलिंडर आतून घासून मापात आणणं) टॉर्क प्लेट (इंजिन जोडल्यावरचा ताण देणारी जाड पाटी) लावूनच करणार, तर त्याच्यावर संशय घ्यायचा कशावरून?

ठरलेल्या रकमेचे ७० टक्के आगाऊ दिले. २० टक्के सुट्या भागांचे फोटो आल्यावर. फोटोत पिस्टन फक्त वरून आणि बाजूने, स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूच्या भिंतीवर) काळा लेप. आतल्या बाजूचा एकही फोटो नाही. तो मागाच. पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, गेला की बघायला काही उरत नाही.

आणि तरीही मला कळायला हवं होतं. ताबा घेतला त्या सकाळी गार इंजिन चालू केलं. एकदम शांत. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतं, तापला की तो जास्त फुगतो, म्हणून बोअरमध्ये मोकळीक जास्त ठेवावी लागते आणि गार असताना पिस्टन टकटक वाजतो. हे मला पाठ आहे, मी इतरांना समजावलं आहे. त्या सकाळी मात्र मी त्या माणसाची पाठ थोपटली, ‘काय सफाईने बसवलंय’ म्हणालो आणि उरलेले १० टक्के तिथेच मोजले.

१,१४० किलोमीटर चाललं. १ बार बूस्टवर (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) निळा धूर, डिपस्टिक दाबाने वर आलेली. चार सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) १७०, १६५, ६०, १७० पीएसआय. वरच्या रिंगच्या दोन टोकांमधला गॅप ०.२५ मिमी! ८६ मिमी बोअरला बूस्टसाठी तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लागतो. रिंगची टोकं एकमेकांवर आपटून चकचकीत झाली होती. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन स्वतः उभे राहा, मापं लिहून घ्या.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात म्हणाले, बिलावर फक्त ‘इंजिन काम’ लिहिलंय, पिस्टन कुठे आहेत? तज्ज्ञाचा अहवाल आणा. प्रयोगशाळा म्हणते पोलिसांचं पत्र आणा. पोलीस पत्र देत नाहीत, कारण तक्रारच नोंदवलेली नाही! चार खेपा झाल्या. एकाने तर ‘गाडीत असले उद्योग करायचेच कशाला’ असं मलाच सुनावलं. चोरी माझी झाली आणि उलटतपासणीही माझीच. बँकेचं उत्तर एका ओळीचं: पैसे तुम्हीच पाठवलेत.

बिलावर मिश्रधातू आणि पिस्टनवरचा भाग क्रमांक लिहून घेतल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका. आणि उघडलेलं सामान परत देऊ नका. ‘सगळे पिस्टन घेऊन या, बदलून देतो’ असा निरोप मला कालच आलाय. चारही पिस्टन माझ्याच कपाटात आहेत.