नऊ महिन्यांचे वाणसामान: अ‍ॅपवरून आणि दुकानातून

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या जुलैमध्ये, सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि घर सोडून तासभर बाहेर राहणेही मला अवघड झाले. पुण्यात कर्वेनगरला आम्ही पाच माणसे राहतो. तोपर्यंत महिन्याचे सामान गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानातून, भाजी मंडईतून आणि वर्षाचा गहू मार्केट यार्डाच्या भुसार विभागातून, अशी आमची पद्धत होती. जुलैपासून मी सगळेच सामान मोबाइलवरच्या दोन अ‍ॅपवरून मागवू लागले आणि दिवाळीपासून त्यातल्या काही वस्तू पुन्हा दुकानाकडे वळवल्या. आता मार्च संपला आहे. या नऊ महिन्यांची सगळी बिले मी ठेवली आहेत आणि पहिले चार महिने घरी आलेली भाजी स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर तोलून वहीत लिहिली आहे. त्या वहीच्या आधारे हे लिहीत आहे.

सुरुवातीला वाटले होते की ऑनलाइन खरेदीने माझे काम वाचेल. जाणे-येणे, ताटकळणे आणि ओझे उचलणे वाचले, यात शंका नाही. माल पारखण्याचे काम मात्र वाचले नाही. दुकानात ते पैसे देण्याआधी होते, अ‍ॅपवर ते पैसे दिल्यानंतर, दार लावून घेतल्यावर ओट्याशी उभे राहून करावे लागते. एवढ्याशा फरकातून बाकीचे बरेच काही निघते, असे माझे मत झाले आहे.

तांदळाचेच पाहा. रोजच्या भाताला आमच्याकडे कोलम लागतो. अ‍ॅपवर तांदळाचे नाव, वजन, किंमत आणि पिशवीचे छायाचित्र असते, पण तांदूळ नवा की जुना हे लिहिलेले नसते, आणि रोज भात लावणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न तोच पडतो. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि मऊ, चिकट होतो. वर्षभर मुरलेला तांदूळ पाणी जास्त घेतो, फुलतो आणि मोकळा होतो. ऑगस्टमध्ये मागवलेल्या पाच किलोंचा भात उत्तम झाला, म्हणून डिसेंबरमध्ये तोच तांदूळ पुन्हा मागवला. नाव तेच, छायाचित्र तेच, किंमतही जवळपास तीच. पण मधल्या काळात नवे पीक बाजारात आले होते, आणि नेहमीच्या मापाने पाणी घातल्यावर कुकरमधून भाताऐवजी गोळा निघाला. तक्रार तरी काय करणार? पिशवीवर लिहिलेला तांदूळच आत होता. पाच किलो तांदूळ मी खिचडीत आणि इडलीच्या पिठात संपवला.

जानेवारीत दुकानात गेले तेव्हा शेठनी दोन पोत्यांतून मूठ-मूठ तांदूळ कागदावर काढून समोर ठेवला. मी चार-चार दाणे दाताखाली धरून पाहिले. जुना दाणा कटकन तुटला, नवा आधी किंचित दबला. "वहिनी, हा नवा आहे, खिचडीला घ्या. वरणभाताला मागच्या वर्षीचा आहे, पण किलोला आठ रुपये जास्त पडतील," असे त्यांनी स्वतःहून सांगितले. आठ रुपये जास्त देऊन मी जुना तांदूळ घेतला आणि तेव्हापासून तांदूळ अ‍ॅपवरून मागवलेला नाही.

दिवाळीच्या आधी पोह्यांच्या बाबतीत असेच झाले होते. चिवड्यासाठी पातळ पोहे हवे होते. अ‍ॅपवर ते संपलेले होते म्हणून त्यांच्या बदल्यात जाड पोहे आले. बदली वस्तू चालेल का, या चौकटीतली खूण मी काढली नव्हती, ही चूक माझी. तरीही दुकानात पोहे मागितले की "कांदेपोह्यांना की चिवड्याला?" हा प्रश्न न विचारता पुडी बांधली जात नाही, आणि त्या एका प्रश्नाचे मोल मला त्या दिवशी कळले. लाडवांच्या बेसनाचेही तसेच आहे. रवाळ, जाडसर बेसन दळून मिळते ते दुकानातून. अ‍ॅपवर आमच्या भागात बारीक बेसनाची पाकिटेच मिळत होती.

उलट बंद पाकिटातल्या मालाबाबत मी पूर्णपणे ऑनलाइनच्या बाजूची झाले आहे. तूरडाळ नऊ महिने पाकिटातली घेतली आणि निवडताना एकच खडा सापडला. सुटी डाळ ताटात पसरून निवडायला माझी सकाळ जात असे. मीठ, साखर, चहा, साबण, कपडे धुण्याची पावडर, तेल यांत पारखण्यासारखे फार काही नसते, आणि दोन ब्रँडच्या किमती शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. अनेक वस्तूंखाली शंभर ग्रॅमला किती रुपये पडतात तेही लिहिलेले असते आणि ते वाचण्याची सवय मला अ‍ॅपने लावली. तेलाची एक लिटरची पिशवी साधारण 910 ग्रॅम भरते. सवलतीत दिसणारी एक पिशवी 850 ग्रॅमची आहे आणि ग्रॅमच्या हिशेबाने ती महागच पडते, हे या आकड्यामुळेच माझ्या लक्षात आले. दुकानाच्या फळीवर दोन्ही पिशव्या एकाच उंचीच्या दिसल्या असत्या.

पाकिटावरची तारीख मात्र घरी येईपर्यंत दिसत नाही. नोव्हेंबरमध्ये नाचणीच्या पिठाचे जे पाकीट आले, त्याच्या सहा महिन्यांच्या मुदतीपैकी पाचच आठवडे उरले होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना असे बजावलेले आहे की, माल ग्राहकाच्या हाती पडताना त्याच्या टिकण्याच्या मुदतीचा किमान 30 टक्के भाग किंवा मुदत संपण्यापूर्वीचे 45 दिवस शिल्लक असावेत. हे पाकीट दोन्ही कसोट्यांवर उतरत नव्हते. तारखेचे छायाचित्र पाठवल्यावर पैसे त्याच दिवशी परत मिळाले.

वजनाबाबत माझी भीती बरीचशी अनाठायी ठरली. बंद पाकिटे काट्यावर दोन-चार ग्रॅम इकडे-तिकडे, एवढाच फरक दाखवत होती. भाजी 46 वेळा तोलली, त्यांपैकी सात वेळा ती 50 ग्रॅमहून अधिक कमी भरली. मेथी आणि कोथिंबीर ओल्या असल्या तर उलट जास्तच भरत. घरच्या काट्यावर वैधमापन विभागाची मोहोर नसते, त्यामुळे त्याचे वजन पुरावा म्हणून चालणार नाही हे मला माहीत आहे, पण काट्यावरच्या भाजीचे छायाचित्र पाठवल्यावर सातपैकी सहा वेळा फरकाचे पैसे मिळाले. ताजेपणाचा प्रश्न वेगळा आहे. मेथी आतून पिवळी पडलेली आहे की नाही हे जुडी सोडल्याशिवाय कळत नाही, आणि मंडईत मी ती सोडून पाहते. भाजी पुन्हा मंडईतूनच येते.

किमतीत कोण स्वस्त, याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. पाकिटावरच्या कमाल किमतीवर सवलत अ‍ॅपवर जास्त दिसली, पण डिलिव्हरी शुल्क, हाताळणी शुल्क आणि ऑर्डर लहान असली तर त्याचे वेगळे शुल्क, असे शेवटच्या पानावर जमत जाते. शुल्क वाचवण्यासाठी मी ज्या नको असलेल्या वस्तू टोपलीत टाकल्या, त्यांच्यापुढे वहीत फुली मारत गेले. पहिल्या तीन महिन्यांत त्या फुल्यांची बेरीज 1,940 रुपये झाली. एका अ‍ॅपवर देणगीची छोटी रक्कम आधीच खूण करून बिलात धरलेली होती. ग्राहकाच्या संमतीवाचून टोपलीत असे काही घालणे ही केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नाव घेऊन सांगितलेल्या 13 फसव्या क्लृप्त्यांपैकी एक आहे. म्हणून पैसे देण्याआधी बिलाची प्रत्येक ओळ वाचावी, असे मी कळकळीने सांगेन.

जीएसटीचे दर 22 सप्टेंबर 2025 पासून बदलले, तेव्हा मात्र अ‍ॅपचा फायदा स्पष्ट दिसला. साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 वर आणि तुपावरचा 12 वरून 5 वर आला, आणि अ‍ॅपवरच्या किमती त्याच आठवड्यात उतरल्या. दुकानात जुनी किंमत छापलेला माल फळीवर होता आणि कमी झालेला दर मला विचारून घ्यावा लागला. शेठनी तो दिला, पण न विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना मिळाला की नाही, हे मी सांगू शकत नाही.

सर्वांत जास्त मनस्ताप झाला तो तुपाच्या एका बरणीचा. सप्टेंबरमधल्या एका ऑर्डरमध्ये ती बिलात होती, पिशवीत नव्हती. अ‍ॅपवरच्या संवादखिडकीत ठरावीक उत्तरे येत राहिली आणि शेवटी पैसे माझ्या बँक खात्यात न येता त्याच अ‍ॅपच्या पाकिटात जमा झाले, म्हणजे ते मला तिथेच खर्च करणे भाग होते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि तिचे निवारण महिन्याच्या आत करायचे असते. त्या अधिकाऱ्याला मी बिलासह सविस्तर पत्र लिहिले आणि नवव्या दिवशी रक्कम बँकेत आली. तसे झाले नसते तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक काढून ठेवलाच होता. दुकानातून आणलेल्या रव्यात फेब्रुवारीत जाळी निघाली, तेव्हा मी पुडी तशीच परत नेली. शेठनी बिलही न मागता दुसरी दिली. पण अनोळखी दुकानात असे झाले असते का, याबद्दल मला शंका आहे. ती अदलाबदल अठरा वर्षांच्या ओळखीवर होते, तर ऑनलाइनचा नियम काल अ‍ॅप घेतलेल्या माणसालाही लागू असतो, आणि ही बाजू मी हलकी मानत नाही.

सामान आणणाऱ्या मुलांबद्दल मला एकच सांगायचे आहे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दहा किलो पीठ आणि तेल पावसात तीन जिने चढवून आणणाऱ्याला दहा मिनिटांची घाई लावावी, असे कोणतेच सामान आमच्या घरात लागत नाही. मी नेहमी दुसऱ्या दिवशीची वेळ निवडते.

नोव्हेंबरमध्ये एक गोष्ट उशिरा सुचली. मराठीत हाताने लिहिलेल्या यादीचे छायाचित्र मी शेठना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि संध्याकाळी त्यांच्याकडचा मुलगा सामान घेऊन आला. यादीतल्या पोह्यांपुढे "चिवड्याला" असे लिहिण्याची सोयही त्यात होती. आता मीठ-साखरेपासून साबणापर्यंतचा बंद माल महिन्यातून एकदा अ‍ॅपवरून, एकाच मोठ्या ऑर्डरमध्ये येतो. तांदूळ, पोहे, रवा, बेसन आणि मसाल्याचे सुटे जिन्नस शेठकडून येतात. वर्षाचा गहू राहिला आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मार्केट यार्डातून सिहोर आणि लोकवनचा एकेक किलोचा नमुना आणायचा, दोन्हींच्या पोळ्या करून सासूबाईंना खाऊ घालायच्या आणि त्या सांगतील ती पोती घ्यायची, असे ठरले आहे. साठवणीच्या गव्हाला चोळायला एरंडेल आणून ठेवले आहे.